नाव बदलते, योजना राहते

सरकारी आरोग्य योजनांविषयीची नाराजी महाराष्ट्रात कोणत्याही एका पक्षाच्या मालकीची नाही. विरोधी बाकांवर असताना जो पक्ष एखाद्या आरोग्य योजनेला विमा कंपन्यांच्या फायद्याची, कागदावरची किंवा निवडणुकीपुरती ठरवतो, तोच पक्ष सत्तेवर आल्यावर ती बंद करत नाही. तो तिचे नाव बदलतो, तिच्यातील उपचारांची यादी लांबवतो, संरक्षणाची रक्कम वाढवतो आणि नव्या फलकांसह तीच योजना पुन्हा जाहीर करतो. १९९७ मधील जीवनदायी आरोग्य योजना, २०१२ मधील राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, २०१७ पासूनची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि २०२० मध्ये तिच्याशी जोडली गेलेली केंद्राची आयुष्मान भारत योजना हा प्रवास वेगवेगळ्या रंगांच्या सरकारांनी मिळून घडवला आहे. ज्या योजनेवर रुग्णही चिडतात, डॉक्टरही चिडतात आणि अभ्यासकही टीका करतात, ती रद्द करण्याचे धाडस कोणालाच का होत नाही, आणि इतकी वर्षे टिकूनही ती समाधान का देत नाही, हे दोन प्रश्न अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावातून पाहिले असता अधिक स्पष्ट दिसतात.

अमेरिकेतील फसलेली माघार

आरोग्य सुधारणा रद्द करण्याच्या घोषणेचे जगभर गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी ज्या आरोग्य विमा कायद्यावर स्वाक्षरी केली आणि जो पुढे ‘ओबामाकेअर’ या नावाने ओळखला गेला, त्याने आधीपासून आजार असलेल्या व्यक्तीला विमा नाकारण्यास बंदी घातली, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना हप्त्यासाठी सवलत दिली आणि प्रत्येकाने विमा घ्यावा, न घेतल्यास दंड भरावा, अशी सक्ती केली. रिपब्लिकन पक्षाने हा कायदा मुळापासून उखडण्याचे आश्वासन देत सलग निवडणुका लढवल्या. परंतु २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षपद आणि संसदेची दोन्ही सभागृहे हाती असतानाही त्या पक्षाला ते जमले नाही. २८ जुलै २०१७ च्या पहाटे सिनेटमध्ये झालेल्या मतदानात जॉन मॅकेन, सुसान कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की या त्याच पक्षाच्या तीन सदस्यांनी विरोधात मत दिले आणि प्रस्ताव ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडला.

त्या पराभवाचे कारण केवळ तीन सदस्यांच्या बंडखोरीत शोधणे अपुरे ठरेल. सात वर्षांत लाखो कुटुंबे त्या कायद्याच्या आधाराने विमाधारक झाली होती, रुग्णालयांची आर्थिक गणिते त्यावर बेतली गेली होती आणि रद्द केल्यानंतर त्या जागी नेमके काय आणायचे, यावर विरोधकांचे आपसांतच एकमत नव्हते. कायदा उलथवता न आल्याने त्याच वर्षाच्या अखेरीस करविषयक कायद्यातून विमा न घेणाऱ्याचा दंड शून्यावर आणला गेला, म्हणजे इमारत उभी ठेवून तिचा एक खांब काढला गेला. पुढे २०२५ मध्ये याच कायद्याखालील वाढीव सवलती चालू ठेवाव्यात की नाही, या वादातून अमेरिकी सरकारचे कामकाज १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत ठप्प राहिले. लोकांच्या अंगवळणी पडलेली आरोग्य योजना समोरून हटवता येत नाही, मात्र बाजूने पोखरता येते, हा या इतिहासाचा सारांश महाराष्ट्रालाही लागू पडतो.

एक योजना, अनेक बारशी

भारताच्या राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय राज्य सूचीत आहे, म्हणजे त्याची मुख्य जबाबदारी राज्य सरकारवर आहे. महाराष्ट्रात शिवसेना-भाजप युतीच्या काळात १९९७ मध्ये सुरू झालेल्या जीवनदायी योजनेत दारिद्र्यरेषेखालील, म्हणजे पिवळ्या शिधापत्रिकेच्या रुग्णाला हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांसारख्या मोठ्या आजारांसाठी शासनाकडून ठरावीक मर्यादेपर्यंत मदत मिळत असे. १९९९ मध्ये सत्तांतर होऊन काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचे सरकार आले, तरी ही योजना मोडीत निघाली नाही. उलट, आंध्र प्रदेशात २००७ मध्ये सुरू झालेल्या आरोग्यश्री योजनेचे राजकीय यश पाहून, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या काळात २ जुलै २०१२ पासून तिचे विस्तारित रूप राजीव गांधी यांच्या नावाने आले. त्यात पिवळ्या शिधापत्रिकेबरोबर वार्षिक एक लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेली केशरी शिधापत्रिकेची कुटुंबेही समाविष्ट झाली आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत, तर मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळू लागले. रोकडरहित याचा अर्थ रुग्णाने पैसे भरून नंतर परतावा मागायचा नाही, तर रुग्णालयाने थेट योजनेकडून बिल वसूल करायचे.

२०१४ मध्ये पुन्हा सत्तांतर झाले. नव्या सरकारने जुन्या योजनेला काही काळ मुदतवाढ देत ठेवली आणि १ एप्रिल २०१७ पासून तिचे नामकरण महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने केले. या निवडीतील राजकीय चातुर्य लक्षात घेण्यासारखे आहे, कारण राजीव गांधींचे नाव काढल्याबद्दल काँग्रेसने कितीही रोष व्यक्त केला, तरी फुल्यांच्या नावाला विरोध करणे महाराष्ट्रातील कोणत्याही पक्षाला परवडणारे नव्हते; आणि म्हणूनच २०१९ नंतर आलेल्या महाविकास आघाडीने ते नाव तसेच ठेवले. केंद्रातील भाजप सरकारने २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून सुरू केलेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी, म्हणजे आयुष्मान भारतशी, फुले योजनेचे एकत्रीकरण १ एप्रिल २०२० पासून प्रत्यक्षात आले, तेव्हा मंत्रालयात सत्ता मात्र भाजपच्या विरोधकांची होती. कोविडच्या साथीत, २०२० च्या मे महिन्यात, याच सरकारने योजनेची दारे राज्यातील सर्व रहिवाशांना तात्पुरती उघडली. त्यानंतरच्या महायुती सरकारने २८ जून २०२३ रोजी संरक्षण पाच लाख रुपयांवर नेण्याचा आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट काढून सर्व कुटुंबांना सामावून घेण्याचा निर्णय घेतला आणि तो १ जुलै २०२४ पासून अमलात आला. त्या वेळी उपचारांची संख्या १३५६ झाली आणि त्यांपैकी ११९ उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव राहिले.

हा क्रम महाराष्ट्रापुरता मर्यादित नाही. आंध्र प्रदेशात आरोग्यश्रीचे नाव चंद्राबाबू नायडू यांच्या काळात एन. टी. रामाराव यांच्याशी, जगनमोहन रेड्डी यांच्या काळात वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्याशी आणि पुन्हा सत्ता फिरल्यावर रामाराव यांच्याशी जोडले गेले. तमिळनाडूत करुणानिधी यांच्या सरकारने २००९ मध्ये आणलेली विमा योजना जयललिता यांनी २०११ मध्ये सत्तेवर येताच थांबवली खरी, पण २०१२ च्या आरंभी नव्या नावाने तशीच योजना त्यांना आणावी लागली. पश्चिम बंगालने जानेवारी २०१९ मध्ये आयुष्मान भारतमधून अंग काढून घेतले, तेही राज्याची स्वतःची ‘स्वास्थ्य साथी’ योजना हाताशी ठेवूनच. देशात आरोग्य योजनेला पर्याय म्हणून दुसरी आरोग्य योजनाच येते. तिच्या जागी पोकळी ठेवण्याचा प्रयोग कोणीही टिकवू शकलेले नाही.

एका जीआरने जे शक्य, तेही घडत नाही

अमेरिका आणि महाराष्ट्र यांच्यात एक मोठा कायदेशीर फरक आहे. अमेरिकेत संसदेचा कायदा रद्द करण्यासाठी संसदेतच बहुमत जमवावे लागते. महाराष्ट्रातील फुले योजना मात्र कोणत्याही कायद्यावर उभी नसून शासन निर्णयावर, ज्याला सर्वत्र जीआर म्हटले जाते, त्यावर उभी आहे. मंत्रिमंडळाने ठरवले तर विधिमंडळात मतदान न घेताही दुसऱ्या जीआरने ती बंद करता येईल. इतका सोपा मार्ग उपलब्ध असूनही एकाही सरकारने तो वापरलेला नाही, याची कारणे कायद्याबाहेर शोधावी लागतात.

पहिले कारण असे की, योजनेचा खर्च कोट्यवधी करदात्यांमध्ये विखुरलेला असल्याने तो कोणाला फारसा जाणवत नाही. तिचा लाभ मात्र कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत कठीण आठवड्यात एकवटलेला असतो. अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने उघडण्याची प्रक्रिया, किंवा कर्करोगाची केमोथेरपी ज्या घरात मोफत झाली, ते घर, त्याचे नातेवाईक आणि भाऊबंद ती गोष्ट वर्षानुवर्षे सांगतात. दुसरे कारण असे की, जळगाव, धुळे, नाशिक यांसारख्या शहरांतील अनेक खासगी रुग्णालयांच्या उत्पन्नाचा काही भाग आता या योजनेतून येतो आणि दरांविषयी कुरकुर करणारी रुग्णालयेही योजना बंद व्हावी असे म्हणत नाहीत. तिसरे कारण केंद्र-राज्य आर्थिक संबंधांचे आहे. आयुष्मान भारतमधील पात्र कुटुंबांसाठी केंद्र सरकार ठरलेल्या मर्यादेत साठ टक्के वाटा उचलते आणि तो पैसा नाकारणे कोणत्याही अर्थमंत्र्याला जड जाते. चौथे कारण आमदार-खासदारांच्या दैनंदिन राजकारणात आहे. रुग्णाला योजनेत बसवून देणे, मुख्यमंत्री सहायता निधीसाठी पत्र देणे, महाआरोग्य शिबिर भरवणे ही खानदेशातील सर्वपक्षीय जनसंपर्काची रुळलेली साधने आहेत आणि ज्या योजनेच्या दारात कार्यकर्त्याची गरज भासते, ती योजना कार्यकर्त्यांच्या पक्षाला कधीच नकोशी होत नाही.

अमळनेर, धुळे आणि जिल्ह्याची रेषा

बोरी नदीकाठचे अमळनेर हे पूज्य साने गुरुजींच्या अध्यापनाने, प्रताप तत्त्वज्ञान मंदिराने आणि १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या येथील वनस्पती तुपाच्या कारखान्यातून उभ्या राहिलेल्या विप्रो उद्योगाने ओळखले जाणारे गाव आहे. प्रशासनाच्या नकाशावर ते जळगाव जिल्ह्यात येते. पण रस्त्याने धुळे शहर जवळ, सुमारे पस्तीस किलोमीटरवर, तर जिल्ह्याचे ठिकाण त्याहून बरेच दूर आहे. मोठा आजार उद्भवल्यास येथील रुग्ण धुळ्याला न्यायचा की जळगावला, की रेल्वेने सुरतेला, हा निर्णय घरात बसून घेतला जातो आणि त्यात अंतर, ओळखीचा डॉक्टर, नातेवाइकांचे घर आणि हाताशी असलेला पैसा यांचा विचार होतो. सरकारी योजनेच्या सीमा मात्र या व्यवहाराला अनुसरून आखलेल्या नसतात.

राजीव गांधी योजनेचा पहिला टप्पा २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर यांच्याबरोबर धुळ्याचाही समावेश होता, जळगावचा मात्र नव्हता. राज्यभर विस्तार २१ नोव्हेंबर २०१३ रोजी झाला. परिणामी, साधारण सोळा महिने धुळे तालुक्यातील केशरी कार्डधारक शेतमजुराला जे संरक्षण होते, ते शेजारच्या अमळनेर तालुक्यातील तशाच शेतमजुराला नव्हते. पुढे शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर मराठवाड्यातील आठ, अमरावती विभागातील पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना योजनेत घेण्यात आले. तेव्हाही बुलढाण्याचा कापूस उत्पादक आत आला आणि त्याच्या बांधाला बांध लागून असलेला जळगाव जिल्ह्यातील कापूस उत्पादक बाहेर राहिला. पाऊस आणि कापसाचा भाव जिल्ह्याची हद्द पाहून बदलत नसताना रुग्णाचा हक्क मात्र त्या हद्दीवर बदलत होता. २०२४ मध्ये शिधापत्रिकेच्या रंगाची अट गेली आणि हा भेद संपला, ही या योजनेच्या इतिहासातील खरी सुधारणा म्हणावी लागते.

सुरतेचा प्रश्न अजून शिल्लक आहे. ताप्ती खोऱ्यातील रेल्वेमार्गाने सुरत खानदेशाला जोडली गेली असून तेथील कापड उद्योगात खानदेशातील असंख्य कुटुंबे स्थिरावली आहेत. केंद्राच्या यादीतील कुटुंबाला देशभरातील अंगीकृत रुग्णालयांत, म्हणजे योजनेशी करार केलेल्या रुग्णालयांत, उपचार घेता येतात. राज्याच्या योजनेच्या मूळ रचनेत अशी देशव्यापी मुभा नाही. केंद्राची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून बनलेली असल्याने एकाच गल्लीतील दोन सारख्या परिस्थितीच्या कुटुंबांपैकी एकाचे कार्ड सुरतेत चालते आणि दुसऱ्याचे चालत नाही, असा प्रसंग उद्भवू शकतो.

कार्डापासून खाटेपर्यंत

योजना प्रत्यक्ष कशी चालते, हे समजल्याशिवाय नाराजीची कारणे समजत नाहीत. अंगीकृत रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा प्रतिनिधी नेमलेला असतो; तो रुग्णाची शिधापत्रिका आणि ओळखपत्र तपासून नोंदणी करतो. डॉक्टरांनी सुचवलेला उपचार योजनेच्या यादीत बसत असल्यास तपासण्यांचे अहवाल जोडून पूर्वमान्यतेसाठी, म्हणजे खर्चाच्या आगाऊ मंजुरीसाठी, ऑनलाइन प्रस्ताव जातो. मंजुरी आल्यावर शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, खाट, जेवण आणि घरी परतण्याचे एक वेळचे प्रवासभाडे या सर्वांचा मिळून एक ठरावीक दर, ज्याला ‘पॅकेज’ म्हणतात, रुग्णालयाला दिला जातो. हा सर्व कारभार राज्य आरोग्य हमी सोसायटी पाहते. पैसे देण्याच्या दोन पद्धती आहेत. विमा पद्धतीत सरकार कंपनीला प्रत्येक कुटुंबामागे हप्ता देते आणि रुग्णालयांचे दावे कंपनी भागवते. हमी पद्धतीत मधे कंपनी नसते आणि सोसायटीच शासनाच्या पैशातून दावे चुकवते. २०१२ मध्ये कुटुंबामागे ३३३ रुपये असलेला हप्ता २०२० मध्ये ७९७ रुपयांवर पोहोचला होता.

या साखळीत रुग्ण कोठे अडतो, हे ओळखणे कठीण नाही. सर्वप्रथम, योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहे; बाह्यरुग्ण विभागातील तपासणी, मधुमेहाची किंवा रक्तदाबाची आयुष्यभराची औषधे, गुडघेदुखी, दमा, दर महिन्याच्या रक्ततपासण्या तिच्यात बसत नाहीत. सामान्य कुटुंबाच्या आरोग्य खर्चाचा मोठा हिस्सा याच बाह्योपचारांवर होतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी लोकांनी थेट खिशातून केलेल्या खर्चाचे प्रमाण २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत उतरले आहे. तरीही दर शंभर रुपयांतील जवळपास चाळीस रुपये आजारी माणसाच्या घरातूनच येतात, हे वास्तव पाच लाखांच्या संरक्षणाच्या जाहिरातीत दिसत नाही. दुसरी अडचण अंतराची आहे. हृदय, मेंदू, कर्करोग यांचे विशेष उपचार करणारी रुग्णालये जिल्ह्याच्या शहरांत एकवटलेली असल्याने कार्ड अमळनेरच्या घरात आणि खाट धुळ्याला किंवा जळगावला, अशी स्थिती राहते. तिसरी अडचण मंजुरीच्या काळातील आहे. मंजुरी येईपर्यंत डिपॉझिट मागितले जाणे, ‘हा आजार योजनेत बसत नाही’ किंवा ‘योजनेच्या खाटा भरल्या आहेत’ असे तोंडी सांगितले जाणे, या तक्रारी राज्यभर ऐकू येतात आणि तोंडी नकाराची नोंद कोठेच होत नसल्याने त्यांचा निकालही लागत नाही.

डॉक्टरांची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. पॅकेजचे दर अनेक वर्षे न बदलणे, मंजूर झालेली बिले महिनोन्‌महिने थकणे आणि कागदपत्रांच्या किरकोळ त्रुटींवरून दावे फेटाळले जाणे, यांमुळे लहान शहरातील वीस-तीस खाटांच्या रुग्णालयाला योजनेत राहणे कठीण होते, तर मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयाला स्वतःच्या सोयीचे उपचार निवडून योजनेत राहता येते. दुसरीकडे गैरव्यवहाराची शक्यताही खरी आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत सादर झालेल्या अहवालात आयुष्मान भारतच्या सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नोंदी एकाच बनावट दिसणाऱ्या मोबाइल क्रमांकाशी जोडलेल्या असल्याचे आणि आधी मृत दाखवलेल्या रुग्णांच्या नावाने पुढेही उपचार नोंदले गेल्याचे दाखवून दिले. केंद्र सरकारने मोबाइल क्रमांक हा पात्रता ठरवण्याचा आधार नसल्याचा खुलासा केला. परंतु नोंदींची शिस्त किती सैल आहे, हे त्यातून उघड झालेच.

दुसरी टीका : पैसा कोठे जातो

सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांचा आक्षेप याहून मूलगामी आहे. १९४६ च्या भोर समितीने स्वतंत्र होऊ घातलेल्या देशासाठी जी व्यवस्था सुचवली होती, तिचा पाया गावाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र हा होता आणि पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत, हे तिचे सूत्र होते. त्याच विचारातून पुढे उपकेंद्र, तीस हजार लोकसंख्येमागे प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय अशी उतरंड तयार झाली. विमा योजनेत सरकार रुग्णसेवा स्वतः उभारण्याऐवजी विकत घेते. आणि विकत घेतलेली सेवा जेथे विक्रेता आहे तेथेच मिळते, म्हणून खासगी रुग्णालये कमी असलेल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना तिचा लाभ सर्वांत कमी पोहोचतो, असा या टीकेचा गाभा आहे.

सरकारी रुग्णालयांची उपेक्षा किती महाग पडते, हे जळगाव जिल्ह्याने कोविडच्या पहिल्या लाटेत अनुभवले. जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता म्हणून नोंदलेल्या एका वृद्ध महिला रुग्णाचा मृतदेह आठवड्याभराने रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात आढळला आणि अधिष्ठात्यांसह काही जणांवर निलंबनाची कारवाई झाली. त्या वेळी राज्यातील प्रत्येक रहिवासी कागदोपत्री फुले योजनेत समाविष्ट होता. पण वॉर्डात पुरेसे मनुष्यबळ आणि देखरेख नसेल तर संरक्षणाची रक्कम रुग्णाला वाचवू शकत नाही.

सरकारी रुग्णालयांतही विभागांच्या भिंती आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत केसपेपरसह सर्व उपचार मोफत करण्यात आले. हा निर्णय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना लागू झाला नाही. ग्रामीण रुग्णालये पहिल्या विभागाकडे आहेत, तर जळगावचे जुने ‘सिव्हिल’ २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय झाल्याने आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आधीपासूनच तसे असल्याने, ही दोन्ही दुसऱ्या विभागाकडे येतात. अमळनेरच्या ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवलेला रुग्ण एका सरकारच्या हातातून त्याच सरकारच्या दुसऱ्या हातात जातो आणि वाटेत नियम बदलतात, हे त्याला कोणी समजावून सांगत नाही.

रद्द न करता आक्रसणारी योजना

शासन निर्णयावर उभ्या असलेल्या योजनेची खरी दुर्बलता येथे दिसते. तिला रद्द करण्याची गरजच पडत नाही, कारण अंदाजपत्रकात तरतूद कमी केली, दर गोठवले, बिले थकवली किंवा अंगीकृत रुग्णालयांची संख्या घटू दिली, तरी नाव, फलक आणि पाच लाखांचा आकडा जागेवर राहून सेवा आक्रसू शकते. अशा आक्रसण्याची घोषणा होत नाही, त्यावर सभागृहात मतदान होत नाही आणि म्हणून त्याची जबाबदारीही कोणावर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरणात तातडीचे उपचार मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आहे. परंतु नियोजित शस्त्रक्रियेसाठी योजनेतून नकार मिळालेल्या रुग्णाला दाद मागण्यासाठी १५५३८८ या मदत क्रमांकापलीकडे आणि तक्रार समित्यांपलीकडे भक्कम कायदेशीर आधार नाही.

कायदा करण्याचा प्रयत्नही सोपा नसतो. राजस्थान विधानसभेने २१ मार्च २०२३ रोजी आरोग्य हक्क कायदा संमत केला, तेव्हा खासगी डॉक्टरांनी तो मागे घेण्यासाठी काम बंद ठेवले. सरकारला ४ एप्रिल रोजी त्यांच्याशी समझोता करावा लागला, वर्षाखेरीस तेथे सत्ता बदलली आणि नियमांअभावी तो कायदा कागदावर रेंगाळला. महाराष्ट्राने रुग्णालयांच्या नोंदणी व नियमनाचा २०१० चा केंद्रीय कायदा स्वीकारलेला नाही. येथे आजही १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू असून त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावण्याची तरतूद आली. ती पाळली जाते की नाही, हे तपासणारी यंत्रणा तालुका पातळीवर क्षीण असल्याने सनदेचा फलक अनेक ठिकाणी भिंतीवरही पोहोचलेला नाही.

यावरून रद्द करण्याच्या राजकारणाचे स्वरूप उलगडते. ‘ही योजना फसवी आहे, आम्ही ती मोडीत काढू’ असे विरोधात असताना म्हणणे सोपे असते, कारण त्या वाक्यात दर किती असावेत, बिले किती दिवसांत द्यावीत, तालुक्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ कोण नेमणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर द्यावे लागत नाही. सत्तेवर आल्यावर नाव बदलणे त्याहून सोपे असते, कारण तेथेही हे प्रश्न टाळता येतात. योजना रद्द करू पाहणारा आणि तिचा विस्तार जाहीर करणारा हे परस्परविरोधी वाटतात. दुरुस्तीचे कंटाळवाणे, श्रेय न देणारे काम टाळण्यात मात्र दोघे सारखेच असतात.

दुरुस्तीचे मुद्दे अवघड किंवा अनोळखी नाहीत. तोंडी नकाराऐवजी कारणासह लेखी नकार देणे अंगीकृत रुग्णालयांना बंधनकारक करणे, थकलेल्या बिलांची जिल्हानिहाय माहिती दर तिमाहीला प्रसिद्ध करणे, मधुमेह आणि रक्तदाब यांसारख्या दीर्घ आजारांची औषधे ग्रामीण रुग्णालयात अखंड उपलब्ध ठेवणे, दोन विभागांच्या रुग्णालयांत शुल्काचा एकच नियम लावणे आणि राज्याच्या कार्डाला गुजरातसारख्या शेजारी राज्यात मान्यता मिळवणे, यांतील बहुतेक गोष्टी नव्या योजनेशिवाय आणि नव्या नावाशिवाय होऊ शकतात. योजनेचा आधार जीआरऐवजी विधिमंडळाचा कायदा असावा, ही त्यांतील सर्वांत मोठी मागणी आहे, कारण तसे झाले तर योजना आक्रसवायची असल्यास ते काम सभागृहात, नोंदवलेल्या मतांनी करावे लागेल. खानदेशातील मतदारासमोर पुढच्या निवडणुकीत पुन्हा एखादा वाढीव आकडा आणि कदाचित नवे नाव येईल. त्या वेळी संरक्षण किती लाखांचे, यापेक्षा गेल्या वर्षी या तालुक्यातील किती रुग्णांना नकार मिळाला आणि तो कोणत्या कारणाने, असा प्रश्न उमेदवाराला विचारला गेला, तर आरोग्य सुधारणेची चर्चा प्रथमच रुग्णाच्या बाजूने सुरू होईल.